बाणाचे वजन: चांदा-गडचिरोलीच्या तिरकामठ्याकडे नव्याने पाहताना

१/ १८७८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानासाठी शस्त्रांचा कायदा केला. ‘शस्त्रे’ या शब्दाची व्याप्ती सांगताना कायद्यात एक यादी आली: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाण; शिवाय तोफा. कायदा लिहिणाऱ्याच्या लेखी धनुष्यबाण हे तोफेच्या पंक्तीत बसवण्याइतके धोक्याचे होते. त्याच काळातले त्याच साम्राज्याचे मानववंश-अभ्यासक मात्र आदिवासींच्या धनुष्याला मानवी प्रगतीच्या अगदी खालच्या पायरीवर बसवत होते. एकाच वस्तूविषयीचे हे दोन निकाल परस्परविरोधी आहेत, आणि आपण आजही बहुधा दुसराच निकाल पाठ करत आलो आहोत. या धाग्यात त्याविषयी थोडे सविस्तर.

२/ आपला प्रदेश चंद्रपूर आणि गडचिरोलीचा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. जुन्या कागदांत त्याचे नाव ‘चांदा’. गोंड आणि माडिया समाजांची ही भूमी. मराठीत त्यांच्या हत्याराला आपण ‘तिरकामठा’ म्हणतो. तीर आणि कमठा, म्हणजे बाण आणि धनुष्य, हे दोन्ही त्या एकाच शब्दात नांदतात. गोंडीत धनुष्याला ‘विल’ म्हणतात. तमिळमधला ‘विल्’ हा त्याचा सख्खा भाऊ, कारण गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. मराठी शब्दाने जी जोडी एकत्र ठेवली, ती इतिहास लिहिताना आपण फोडली. धनुष्याचे वर्णन केले आणि बाणाला सोडून दिले.

३/ माझे म्हणणे थोडक्यात असे: कोणत्याही धनुष्याची योग्यता त्याच्या बाणाचे वजन कळल्याशिवाय ठरवता येत नाही. जंगलातला जड, लोखंडी फाळाचा बाण हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे. आखूड पल्ल्याच्या, दाट झाडीतल्या शिकारीसाठी ते विचारपूर्वक काढलेले उत्तर आहे. हे म्हणणे भावनेच्या आधारावर मांडण्याचे कारण नाही. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र त्याला पुरेसे आहे. म्हणून आधी थोडे गणित करू, मग इतिहासाकडे वळू.

४/ धनुष्य म्हणजे ऊर्जेची तात्पुरती साठवण. प्रत्यंचा ओढताना हाताने केलेले काम वाकलेल्या भुजांत साठते. समजा, एक धनुष्य पूर्ण ओढल्यावर सुमारे २० किलो वजन उचलण्याइतका, म्हणजे २०० न्यूटन जोर लागतो आणि ओढ ५० सेंटिमीटरची आहे. जोर शून्यापासून हळूहळू वाढत जातो, म्हणून त्याची सरासरी १०० न्यूटन धरू. साठलेली ऊर्जा झाली ५० ज्यूल. प्रश्न इथेच सुरू होतो: या ५० ज्यूलपैकी बाणाच्या पदरात किती पडतात?

५/ सगळे पडत नाहीत. गोफणीत कापसाचा बोळा घालून फेकून पाहा आणि मग त्याच गोफणीत दगड घालून पाहा. हात तोच, जोर तोच. पण कापसाच्या वेळी सारा जोर हात आणि गोफण फिरवण्यातच खर्ची पडतो. धनुष्याचेही तसेच. प्रत्यंचा सुटली की बाणाबरोबर स्वतः प्रत्यंचेला आणि धनुष्याच्या भुजांनाही पुढे धावावे लागते. त्यांच्या धावण्यात जी ऊर्जा जाते ती बाणाला मिळत नाही. बाण निघून गेल्यावर ती थरथर, आवाज आणि हाताला बसणारा झटका बनून संपते.

६/ पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या हिशेबाला एक सोपे रूप दिले. बाणाबरोबर धावणारे धनुष्याचे सारे भाग मिळून जणू बाणाला चिकटलेले एक जादा ओझे आहे असे समजायचे. हे त्या धनुष्याचे ‘आभासी वस्तुमान’. बाण बदलला तरी ते जवळपास तेवढेच राहते. मग बाणाचा वाटा असा निघतो: बाणाचे वजन भागिले बाणाचे वजन अधिक आभासी वजन. एवढ्या एका सूत्रात पुढचा सगळा युक्तिवाद सामावलेला आहे.

७/ उदाहरण म्हणून आपल्या ५० ज्यूलच्या धनुष्याचे आभासी वजन १५ ग्रॅम धरू.
२० ग्रॅमचा बाण: वाटा ५७ टक्के, ऊर्जा सुमारे २९ ज्यूल, वेग सेकंदाला ५३ मीटर.
४० ग्रॅमचा बाण: वाटा ७३ टक्के, ऊर्जा ३६ ज्यूल, वेग ४३ मीटर.
६० ग्रॅमचा बाण: वाटा ८० टक्के, ऊर्जा ४० ज्यूल, वेग ३६.५ मीटर.
धनुष्य तेच, ओढणारा हात तोच. केवळ बाण तिप्पट जड केल्याने मिळालेली ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. वेग मात्र एक तृतीयांशाने घटला.

८/ ‘मग बाण जितका जड तितका चांगला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. तोच बाण १२० ग्रॅमचा केला तर वाटा ८९ टक्क्यांवर जातो, पण ऊर्जा ४० वरून जेमतेम ४४ ज्यूल होते आणि वेग २७ मीटरपर्यंत उतरतो. वजन दुप्पट करून पदरात चार ज्यूल पडले, आणि चौथा हिस्सा वेग गेला. म्हणजे प्रत्येक धनुष्यासाठी एक टप्पा असा येतो की त्यापुढे वजन वाढवणे तोट्याचे. तो टप्पा ओळखणे हेच बाण घडवणाऱ्याचे कसब. वजन हा योगायोग नसून निर्णय असतो, हे या आकड्यांतून ध्यानात यावे.

९/ याच हिशेबाची दुसरी टोकाची बाजू म्हणजे बाण न लावता सोडलेली प्रत्यंचा. बाणाचे वजन शून्य, म्हणून वाटाही शून्य. सारे ५० ज्यूल धनुष्याच्याच अंगावर येतात. ताणलेले धनुष्य रिकामे सोडू नये, ते मोडते, हा नियम जगभरच्या धनुर्धरांत आढळतो तो यामुळेच. फार हलका बाण हा या रिकाम्या प्रत्यंचेचाच सौम्य अवतार आहे. जड बाण केवळ सावजासाठी घातक असतो असे नाही, तो धनुष्याचे आयुष्यही वाढवतो. ज्याला आपले धनुष्य स्वतःच्या हातांनी घडवावे लागते, त्याच्यासाठी हा फायदा लहान नाही.

१०/ आता जंगलात येऊ. चांद्याच्या जंगलात मानवेल आणि कटांग या दोन जातींचा बांबू विपुल. मानवेल बराचसा भरीव आणि चिवट, म्हणून धनुष्याला साजेसा. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी धनुष्यांचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते: त्यांची प्रत्यंचाही बांबूचीच असते. सालीकडून काढलेली लांब, चपटी पट्टी दोन्ही टोकांना बांधलेली. पावसाळ्यात तात किंवा सुताची दोरी ओल धरते, सैल पडते. बांबूची पट्टी त्या मानाने टिकते. शिवाय जंगलात तुटली तर जंगलातच दुसरी मिळते.

११/ पण या सोयीची किंमत मोजावी लागते. बांबूची पट्टी सुताच्या दोरीपेक्षा जड. प्रत्यंचेच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग आभासी वजनात मिळतो, आणि बांबूच्या भुजाही काही हलक्या नसतात. समजा, त्यामुळे आभासी वजन १५ वरून २५ ग्रॅम झाले. आता २० ग्रॅमच्या बाणाला ४४ टक्के, म्हणजे फक्त २२ ज्यूल मिळतील. ६० ग्रॅमच्या बाणाला मात्र ७१ टक्के, म्हणजे ३५ ज्यूल. हलक्या बाणाचे नुकसान मोठे, जड बाणाचे थोडके. बांबूची प्रत्यंचा आणि जड बाण ही जोडी एकमेकांना सावरून घेणारी आहे. एकाला वेगळे काढून तपासले तर दुसरा उगाच कमी प्रतीचा ठरतो.

१२/ राहिला वेगाचा प्रश्न. हळू बाण जास्त वाकड्या वाटेने जातो, म्हणून अंतराचा अंदाज चुकला की नेमही चुकतो. हिशेब करून पाहू. सावज १५ मीटरवर आहे आणि अंदाजात १ मीटरची चूक झाली. २० ग्रॅमचा बाण सुमारे ५ सेंटिमीटर वर-खाली लागेल, ६० ग्रॅमचा ११ सेंटिमीटर. आता सावज ६० मीटरवर आणि चूक त्याच प्रमाणात, म्हणजे ४ मीटरची. हलका बाण ८० सेंटिमीटरने चुकेल, जड बाण पावणेदोन मीटरने. अंतर चौपट, चूक सोळापट. मोकळ्या माळावर जड बाणाचा हा दोष असह्य आहे. भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या दाट झाडीत मात्र ६० मीटरवरचे सावज मुळात दिसतेच कुठे? तिथे दबा धरून, वाऱ्याची दिशा पाहून जवळ जावे लागते. त्या अंतरावर जड बाणाचा दोष झाकला जातो आणि गुण उरतो.

१३/ गुण कोणता? बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचा फाळ कापत आत शिरतो आणि रक्तस्रावाने सावज पडते. म्हणून किती खोल शिरला याला महत्त्व. खोली गतिज ऊर्जेवर ठरते की संवेगावर, हा धनुर्विद्येतला जुना वाद आहे. आपल्या उदाहरणात तो सोडवण्याची गरजच पडत नाही. जड बाणाकडे ऊर्जा ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि संवेग तर दुपटीहून अधिक. दोन्ही पक्षांच्या तराजूत तोच भारी. वाटेत पानाफांदीला निसटता स्पर्श झाला तरी जड बाण सहज दिशा सोडत नाही, हा दाट झाडीतला आणखी एक लाभ.

१४/ इथे एक रास्त आक्षेप येऊ शकतो. ‘गोंड शिकाऱ्याने हे सूत्र थोडेच मांडले होते? लोखंड हाताशी होते म्हणून बाण जड झाला. त्यात शहाणपण शोधणे म्हणजे आपलेच विचार भूतकाळावर लादणे.’ आक्षेपातला सावधपणा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. मध्य भारतातल्या शिकारी समाजांत एकाच प्रकारचा बाण वापरला जात नसे. मोठ्या जनावरासाठी रुंद लोखंडी फाळाचा, तर पाखरांसाठी बोथट लाकडी डोक्याचा बाण असे. लोखंड हाताशी असूनही जिथे ते नको तिथे टाळलेले दिसते. जिथे पर्याय आहेत आणि कामाप्रमाणे निवड बदलते, तिथे ज्ञान आहे. ते समीकरणात लिहिलेले नव्हते, हातात होते. भाकरी थापणाऱ्या हाताला पिठाचे पाणी मोजून घ्यावे लागत नाही, म्हणून आपण त्याला अडाणी म्हणत नाही.

१५/ तुलनेसाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. इस्तंबूलमध्ये ‘ओकमेयदानी’ नावाचे मैदान आहे, म्हणजे बाणांचे मैदान. ऑटोमन धनुर्धर तिथे लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळत, आणि विक्रमी फेक जिथे पडली तिथे दगडी स्तंभ उभारत. शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू यांचे आखूड धनुष्य, हलक्या भुजा, आणि अतिशय हलका, आखूड बाण. तिथे हेतू अंतर हाच होता, म्हणून सारी रचना वेगाच्या बाजूने झुकलेली. तेच धनुर्धर युद्धावर जाताना मात्र अधिक जड बाण घेत. हेतू बदलला की वजन बदलते, हा नियम तुर्की दरबारात आणि माडियांच्या पाड्यात सारखाच लागू आहे.

१६/ आपल्याच उपखंडातला एक फार जुना दाखला पाहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक एरियन याने, सिकंदराचा नौदल-सेनानी निआर्कस याच्या वृत्तान्ताच्या आधारे, भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. धनुष्य धनुर्धराच्या उंचीएवढे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढायचे. बाण तीन हातांना किंचित कमी, म्हणजे सुमारे सव्वा मीटर लांब. आणि त्याच्यापुढे ढाल टिकत नाही की चिलखत. सव्वा मीटरचा बाण हलका असणे शक्य नाही. शत्रूपक्षाच्या आठवणीत राहिली ती या बाणाची भेदकता. त्याची कमजोरीही नोंदली गेली: झेलमच्या लढाईत पावसाने जमीन निसरडी झाल्यामुळे हे धनुष्य टेकवणे अवघड गेले, असे रोमन लेखक कर्टियस सांगतो.

१७/ मग आदिवासी धनुष्य दुबळे, ही समजूत घडली कशी? दोन गोष्टींनी. पहिली, मांडणीची पद्धत. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध संग्रहालयाला १८८४ साली आपला संग्रह देणारे जनरल पिट-रिव्हर्स शस्त्रांची रांग ‘साध्याकडून गुंतागुंतीकडे’ लावत. या रांगेत एकाच बांबूचे धनुष्य आपोआप पहिल्या टोकाला जाते आणि ‘साधे’ याचा अर्थ नकळत ‘कनिष्ठ’ होतो. दुसरी, मोजण्याची पद्धत. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियाचे डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी जगभरच्या धनुष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धनुष्यांची तुलना करणारे कोष्टक आहे: ओढीचा जोर किती आणि बाण किती यार्ड गेला. काम मोलाचे, पण अंतर हाच निकष ठेवला की ओकमेयदानीचे धनुष्य जिंकणार आणि जंगलाचे हरणार, हे आधीच ठरलेले. माशाची परीक्षा झाडावर चढवून घेण्याचा हा प्रकार.

१८/ बाणाच्या वजनाचा धागा चांद्याच्या जमिनीपर्यंत पोचतो, कारण फाळ लोखंडाचा आहे. लोहारा, पिपळगाव, देऊळगाव, सुरजागड ही या प्रदेशातली लोहखनिजाची नावे. सुरजागड आज खाणीमुळे बातम्यांत असते. पण त्याआधी कित्येक पिढ्या मध्य भारतात कोळशाच्या लहान मातीच्या भट्ट्यांतून लोखंड गाळले जात होते. बाणाच्या टोकावरचे पंधरा-वीस ग्रॅम म्हणजे खनिज, कोळसा, भाता आणि लोहार यांची एक संपूर्ण साखळी. आयात लोखंड, भट्ट्यांवरचे कर आणि जंगलातील कोळशावरचे निर्बंध यांनी ही साखळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तुटत गेली. फाळाचे वजन हे अशा अर्थाने आर्थिक इतिहासाचेही साधन आहे.

१९/ आता १८५८ कडे. त्या वर्षाच्या मार्चमध्ये अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचे वीर बाबुराव शेडमाके यांनी राजगड परगण्यात उठाव केला. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. एप्रिलअखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तार खात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबुरावांना फाशी देण्यात आली. समाजमाध्यमांवर हा प्रसंग बहुधा ‘बाण विरुद्ध बंदूक’ अशा एका चित्रात बसवला जातो. वास्तविक बाबुरावांच्या फौजेत रोहिले, म्हणजे पेशाने सैनिक असलेले लोकही होते. डोंगर, नदी, पायवाटा आणि तारेचे महत्त्व ओळखून लढलेली ती मोहीम होती. तिला केवळ तिरकामठ्याच्या करुण चित्रात बंद करणे हा बाबुरावांच्या डावपेचांवर अन्याय आहे.

२०/ उलट बाजूची अतिशयोक्तीही तितकीच टाळायला हवी. ‘आमचा बाण बंदुकीला भारी होता’ असे लिहिणाऱ्यांनी आकडे पाहावेत. त्या काळच्या बंदुकीच्या गोळीची ऊर्जा हजार ज्यूलच्या वर. आपल्या बाणाची ४०. ऊर्जेच्या शर्यतीत बाण कधीच नव्हता. त्याचे बळ वेगळ्या जागी होते: आवाज नाही, धूर नाही, दारूगोळ्यासाठी कुणापुढे हात पसरणे नाही, आणि कापणारा फाळ असल्यामुळे थोड्या ऊर्जेतही जीवघेणी जखम. पूर्वजांना मोठे करण्यासाठी भौतिकशास्त्र वाकवण्याची गरज नाही. ते सरळ मांडले तरी त्यांची हुशारी पुरेशी दिसते.

२१/ १८७८ साल इथे पुन्हा भेटते. शस्त्रांचा कायदा आला त्याच वर्षी जंगलाचा कायदाही आला, आणि राखीव जंगलातली शिकार, फासे, सापळे यांवर नियमांचा पहारा बसला. शस्त्र, सावज, बांबू, कोळसा: तिरकामठा ज्या चार गोष्टींवर उभा होता त्या चारही सरकारी परवान्याच्या कक्षेत ओढल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. ती थांबणे आवश्यकच होते. ताडोब्याचा वाघ आणि त्याचे भक्ष्य आज टिकले आहे त्यात या कायद्याचा वाटा मोठा. मात्र शिकार थांबली की बाणाचे वजन तोलणारा हातही सराव सोडतो. सणासमारंभात, मोर्चात, चिन्हावर, पुतळ्याच्या हातात धनुष्य दिसत राहते. पण त्याचा बाण किती जड असावा, याचे उत्तर देणारी पिढी आता म्हातारी होत चालली आहे.

२२/ म्हणून प्रश्न केवळ जुन्या हत्याराचा नाही. एखाद्या समाजाचे ज्ञान आपण कोणत्या रकान्यात नोंदवतो, हा तो प्रश्न आहे. संग्रहालयांतील पाट्यांवर ‘आदिवासी धनुष्यबाण, बांबू’ एवढाच मजकूर पुष्कळदा असतो. तलवारीच्या पाटीवर घडणीचे गाव, पोलादाचा प्रकार, मुठीची शैली, कधी मालकाचे नावही असते. एक वस्तू इतिहासाची ठरते आणि दुसरी निसर्गाची, जणू ती बांबूच्या बेटात आपोआपच उगवली! हा भेद हेतुपुरस्सर केलेला नसेलही, पण त्याचा परिणाम तोच होतो. गडचिरोलीचा विद्यार्थी स्वतःच्या आजोबांचे कसब अभ्यासक्रमात शोधतो आणि त्याला एक चित्र तेवढे सापडते.

२३/ उपाय अवघड नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. प्रत्येक धनुष्याबरोबर सहा गोष्टी नोंदवाव्यात: धनुष्याची लांबी आणि बांबूची जात, प्रत्यंचा कशाची व तिचे वजन, बाणाची लांबी, बाणाचे एकूण वजन, फाळाचे वेगळे वजन, आणि तो बाण कोणत्या कामाचा, हे बनवणाऱ्याच्या भाषेत. जुने धनुष्य ओढून पाहू नये, ते मोडेल. पण वजनकाटा कुठलीही वस्तू बिघडवत नाही. धनुष्य आणि त्याचा बाण वेगवेगळ्या कपाटांत ठेवू नयेत. २०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातले इतिहासाचे आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी एकत्र बसले तर हे काम एका उन्हाळ्यात मार्गी लागू शकते. गोंडी आणि माडिया बोलणारे विद्यार्थी त्यात पुढे असावेत, कारण बाणांच्या प्रकारांची नावे त्यांच्याच घरात आहेत.

२४/ तुमच्यापैकी जे धानोरा, भामरागड, सिरोंचा, जिवती, राजुरा या बाजूचे असतील, त्यांना एक विनंती. घरात किंवा गावात जुना बाण असेल तर मालकाच्या परवानगीने त्याचे वजन करा, लांबी मोजा, फाळाचे छायाचित्र घ्या, आणि त्या प्रकाराला घरी काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. बाण विकत मागू नका, गावाबाहेर नेऊ नका. धाग्यातल्या आकडेमोडीविषयी शंका असल्यास खाली अवश्य विचारा. सूत्र सहाव्या भागात आहे, आकडे बदलून स्वतःही करून पाहता येईल. पुढच्या धाग्यात चांद्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांविषयी लिहीन.